पोरगी म्हणते, मी विषाणूशास्त्रज्ञ होणार!

(या महिन्याचा अभ्यासपाठ : गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा)



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्त लिहून झालं. मग कर्जमागणीचा विषय निघाला. एका ताईने तीस हजार मागितले. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कशासाठी पाहिजेत?"

ताई जरा घुटमळली. म्हणाली, "तेच तर ठरत नाही. पोरीला स्थळ आलंय. दीर म्हणतात, यंदाच उरकून टाकू. आणि पोरगी म्हणते, बारावी सायन्स झाली, आता मला जिल्ह्याला शिकायला ठेव, मला विषाणूशास्त्रज्ञ व्हायचंय. म्हणजे पैसे लागणार ते दोन्हीतल्या एका कामाला."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मावशी म्हणाली, "विषाणू म्हणजे विंचवा-सापाचं विष काढतात, तसलं काम का?" सगळ्या हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा."

खरं सांगते, मलाही नीट सांगता आलं नाही. "डॉक्टरसारखंच असतं ते," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाईट वाटलं. एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय आपण अर्ध्या माहितीवर घ्यायला निघालो होतो. अध्यक्षांना फोन करून सांगितलं, "पुढच्या बैठकीपर्यंत हा विषय राखून ठेवा, मी माहिती काढून येते." पंधरा दिवस वाचलं, कॉलेजात जाऊन विचारलं. त्यातून जे कळलं ते सगळ्या गटांसाठी इथे लिहीत आहे. कारण असा प्रश्न उद्या तुमच्याही बैठकीत येऊ शकतो.

१. विषाणू म्हणजे काय?

विषाणू म्हणजे व्हायरस. तो इतका बारीक असतो की शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्याची दुसरी खोड म्हणजे तो एकटा वाढू शकत नाही. आंब्याच्या झाडावर बांडगूळ येतं ना? झाडाशिवाय त्याचं चालत नाही. तसा विषाणू माणसाच्या, जनावराच्या किंवा झाडाच्या जिवंत पेशीत शिरतो आणि त्या पेशीला कामाला लावून स्वतःच्या नकला काढतो.

गोवर, कांजिण्या, पोलिओ, डेंग्यू, चिकुनगुनिया, कोरोना, पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणारा रेबीज आणि साधी सर्दी हे सगळे विषाणूचे आजार. टीबी, टायफॉइड, कॉलरा हे विषाणूचे नाहीत, ते जिवाणूचे. हा फरक लक्षात ठेवा, कारण त्यात आपला पैसा वाचतो. अँटिबायोटिक गोळी जिवाणूवर चालते, विषाणूवर चालत नाही. साध्या सर्दीला मेडिकलवरून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून पोराला दिली, तर सर्दी जात नाही, पैसे मात्र जातात. वर पुढे खरी गरज पडेल तेव्हा ती गोळी काम करेनाशी होण्याचा धोका वाढतो.

२. विषाणूशास्त्रज्ञ नेमकं काय काम करते?

ती दवाखान्यात बसून पेशंट तपासत नाही. तिचं काम मुख्यतः प्रयोगशाळेत असतं. रक्ताचा किंवा नाकातला नमुना येतो. त्यात कोणता विषाणू आहे ते ती शोधते. काही विषाणू जिवंत पेशींवर वाढवून बघते, तो कसा पसरतो, कुठल्या औषधाला दबतो हे तपासते. लस तयार करणं आणि ती बरोबर काम करते का हे पाहणं, हेही तिचंच काम. काही जणी जंगलात, गोठ्यात जाऊन डास, गोचीड, वटवाघळं यांचे नमुने गोळा करतात.

कोरोनात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घातली होती, आठवतं? ती आरटी-पीसीआर तपासणी. तिचं गणित आपल्याला चटकन कळण्यासारखं आहे. नमुन्यात विषाणूचा अंश फार थोडा असतो, तो सापडणार कसा? म्हणून मशीन त्याच्या नकला काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्या झाल्या की एकाचे एक हजार चोवीस होतात. तीस फेऱ्या झाल्या की शंभर कोटींच्या वर. चक्रवाढ व्याजासारखंच! सावकाराच्या कर्जात हे गणित आपल्याला बुडवतं, प्रयोगशाळेत तेच गणित रोग पकडून देतं.

३. याचा आपल्या गावाशी काय संबंध?

मला आधी वाटायचं, हे सगळं मोठ्या शहरातलं आणि परदेशातलं. वाचल्यावर कळलं की उलट आहे. विषाणूचा शोध बऱ्याचदा खेड्यातच लागलेला आहे.

चांदीपुरा : १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाचे रुग्ण होते. त्यांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवाच विषाणू सापडला. त्याला गावाचंच नाव दिलं. हा विषाणू वाळूमाशी चावल्याने पसरतो. ही माशी मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या आसपास ओलसर जागेत राहते. लहान मुलांना एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके येतात आणि फार थोड्या वेळात जीव धोक्यात येतो. २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात याची साथ आली होती, २०२४ साली गुजरातमध्ये आली. यावर अजून लस नाही. म्हणून भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, मुलांना मच्छरदाणीत झोपवा. मुलाला तापात झटके आले तर अंगारा-धुपारा करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

माकडताप : १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाजवळ माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप यायला लागला. तिथेही पुण्याच्याच संस्थेतल्या लोकांनी विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरतो. २०१६ साली हा आजार आपल्या सिंधुदुर्गात आला. त्यात जंगलात सरपणाला, काजूच्या बागेत कामाला जाणारे लोक आजारी पडले. म्हणजे आपल्यासारखेच.

जनावरं आणि शेती : २०२२ साली लम्पीने किती जणींच्या गोठ्यातली गाय नेली, ते वेगळं सांगायला नको. तोही विषाणूच. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, आपण हळद्या म्हणतो. तोही विषाणू, आणि पांढरी माशी तो पसरवते. म्हणजे विषाणूशास्त्रज्ञ फक्त माणसांच्या रोगावर काम करते असं नाही. जनावरांवर काम करणाऱ्या आहेत, पिकांवर काम करणाऱ्याही आहेत.

वर ज्या पुण्याच्या संस्थेचा उल्लेख आला, ती १९५२ साली सुरू झाली. आज तिचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, सगळे तिला एनआयव्ही म्हणतात. २०२० साली कोरोना विषाणू वेगळा काढून वाढवण्याचं काम याच संस्थेने केलं आणि त्यावरूनच पुढे कोव्हॅक्सिन लस तयार झाली. देशातली इतकी मोठी संस्था आपल्या राज्यात आहे, आणि आपल्या पोरींना तिचं नावही माहीत नसतं.

४. या वाटेने गेलेल्या बायका

"हे बायकांचं काम आहे का?" असं एकीने विचारलं होतं. तिच्यासाठी तीन नावं सांगते.

मिनल दाखवे-भोसले : पुण्याच्या मायलॅब कंपनीत विषाणूशास्त्रज्ञ. २०२० साली कोरोना तपासणीचं पहिलं भारतीय किट ज्या गटाने तयार केलं, त्याच्या त्या प्रमुख. त्या वेळी त्या गरोदर होत्या, दिवस भरत आले होते. जे काम एरवी तीन-चार महिन्यांचं, ते त्यांच्या गटाने सहा आठवड्यांत केलं. १८ मार्चला किट तपासणीसाठी एनआयव्हीकडे दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. गरोदरपणात इतकी दगदग करावी असं मी म्हणत नाही. पण लेकुरवाळीला हे काम जमत नाही, असं कोणी म्हटलं तर हे उदाहरण सांगा.

गगनदीप कांग : तमिळनाडूतल्या वेल्लोरला काम केलेल्या. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि त्याची भारतीय लस येण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. लसीकरणाच्या दिवशी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला तोंडातून रोटाची लस देतात ना, ती याच विषाणूवरची. २०१९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ.

जून अल्मेडा : या स्कॉटलंडच्या. वडील बस चालवायचे. घरात पैसा नव्हता म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सुटली. ग्लासगोच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या. हातात कसब आलं, सूक्ष्मदर्शकावर नजर बसली. माणसाला होणारा कोरोना विषाणू जगात पहिल्यांदा पाहिला तो याच बाईने. आज मात्र पदवीशिवाय या कामात पुढे जाता येत नाही, हेही पोरींना सांगा. शाळा सोडा असा याचा अर्थ नाही. गरिबी असली तरी डोकं आणि हात गरीब नसतात, एवढाच अर्थ घ्यायचा.

५. वाट कशी आहे? पायऱ्या समजून घेऊ

पहिली पायरी, दहावीनंतर : अकरावी-बारावी सायन्स, आणि त्यात जीवशास्त्र हवंच. बऱ्याच मुली मैत्रिणीच्या मागे जाऊन जीवशास्त्र सोडून देतात आणि मग ही वाट बंद होते. फॉर्म भरतानाच बघा.

दुसरी पायरी, पदवी (तीन वर्षं, नव्या धोरणात चौथं वर्षही घेता येतं) : बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र ही सरळ वाट. बायोटेक्नॉलॉजी, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र घेऊनही जाता येतं. जनावरांच्या विषाणूंकडे जायचं तर नीट परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवी, पिकांकडे जायचं तर सीईटी देऊन बी.एस्सी. कृषी. एमबीबीएस करूनही या क्षेत्रात येता येतं. पण डॉक्टर झालं तरच विषाणूशास्त्रज्ञ होता येतं, असं नाही. मी त्या बैठकीत जे बोलले ते इथेच चुकलं होतं.

तिसरी पायरी, एम.एस्सी. (दोन वर्षं) : मायक्रोबायोलॉजीत करता येते. खास विषाणूशास्त्राची एम.एस्सी. थोड्या ठिकाणी असते. पुण्याच्या एनआयव्हीत पुणे विद्यापीठाशी जोडलेला असा अभ्यासक्रम आहे, तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठातही हा विभाग आहे. जागा कमी, प्रवेश परीक्षा असते. कृषीवाल्या मुलींना राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांत वनस्पती रोगशास्त्र घेता येतं.

चौथी पायरी, नेट परीक्षा आणि पीएच.डी. (साधारण पाच वर्षं) : एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट नावाची देशपातळीवरची परीक्षा असते. त्यात जेआरएफ मिळालं की पीएच.डी. करताना दर महिन्याला पैसे मिळतात. किती ते खाली सांगते. पीएच.डी. झाली की शास्त्रज्ञ म्हणून अर्ज करता येतो.

वयाचा हिशेब मांडला तर बारावीला अठरा, बी.एस्सी.ला एकवीस, एम.एस्सी.ला तेवीस, पीएच.डी.ला अठ्ठावीस-एकोणतीस. वाट लांब आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण ताईंनो, प्रत्येक पायरीवर उतरायला जागा आहे. बारावीनंतर डीएमएलटी केलं तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळतं. बी.एस्सी. झालेल्या मुली दूध डेअरी, औषध कंपनी, खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागतात. एम.एस्सी. झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विषाणू प्रयोगशाळांत, लस कंपन्यांत काम करतात, बी.एड. करून शिक्षिकाही होतात. अर्ध्यावर थांबावं लागलं तरी केलेलं शिक्षण फुकट जात नाही. एसटीचं तिकीट पुण्यापर्यंतचं काढलं आणि मध्येच उतरलो, तरी तिथवरचा प्रवास झालेलाच असतो.

६. पैशाचं काय?

गटात खरा प्रश्न इथे अडतो. म्हणून नीट सांगते.

(अ) फी आणि शिष्यवृत्ती : एससी, एसटी, ओबीसी, भटक्या-विमुक्त प्रवर्गातल्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फी सवलतीच्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहाच्या खर्चाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फी माफीचा निर्णय झालेला आहे. कृषी आणि पशुवैद्यकीयला जाणाऱ्या मुलींनी त्याची चौकशी जरूर करावी. साध्या बी.एस्सी.ला मात्र ही माफी गृहीत धरू नका, कॉलेजच्या ऑफिसात विचारून लिहून घ्या.

(आ) इन्स्पायर : बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांना, बी.एस्सी.ला मूळ विज्ञानाचे विषय घेतले तर केंद्र सरकारची वर्षाला ऐंशी हजारांची शिष्यवृत्ती आहे. त्यात मायक्रोबायोलॉजी हा विषय बसतो. आपल्या या मुलीला अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत, त्यामुळे तिला हे मिळणार नाही. पण आता नववी-दहावीत असलेल्या मुलींना आत्ताच सांगून ठेवा.

(इ) पीएच.डी.चे पैसे : हे ऐकून मला सगळ्यांत आश्चर्य वाटलं. जेआरएफ मिळालं तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये, पुढे ४२ हजार, शिवाय घरभाडं. म्हणजे शेवटची पाच वर्षं मुलगी घरावर ओझं नसते, उलट ती कमावत असते. नेट नाही निघाली, तरी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या शिष्यवृत्त्या त्या त्या प्रवर्गासाठी आहेत. म्हणजे घराने भार सोसायचा तो दहा-अकरा वर्षांचा नाही, एम.एस्सी.पर्यंतच्या पाच वर्षांचा.

(ई) गटाचं कर्ज : त्या गटाचा व्याजदर शेकडा एक रुपया आहे. तीस हजार घेतले, वीस हप्ते केले, तर दर महिन्याला मुद्दल दीड हजार. व्याज पहिल्या महिन्यात तीनशे, मग उतरत उतरत शेवटच्या महिन्यात पंधरा रुपये. सगळं मिळून व्याज ३,१५०. तुमच्या गटाचा दर शेकडा दोन असेल तर हेच व्याज ६,३०० होतं. कर्ज घेण्याआधी हे वहीत मांडून बघा.

कागदपत्रं आधीच काढून ठेवा : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर (लागत असेल तर), अधिवास दाखला, रेशनकार्ड, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. एका काना-मात्रेवरून शिष्यवृत्ती अडकलेली मी पाहिली आहे. जून महिन्यात सेतूवर रांग लागते, म्हणून ही कामं मार्च-एप्रिलमध्येच उरका.

७. आईच्या मनातले तीन प्रश्न

लग्नाचं काय? : एकोणतीस वर्षं म्हटल्यावर बैठकीत "अगं बाई!" झालंच. पण शिक्षण आणि लग्न यांत एकच निवडायचं, असं कुठे लिहिलं आहे? पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला यूजीसीच्या नियमाप्रमाणे २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा मिळते आणि काम पुरं करायला दोन वर्षं जास्त मिळतात. जेआरएफच्या वयाच्या अटीतही महिलांना पाच वर्षांची सूट आहे. म्हणजे बायकांच्या आयुष्यात काय काय येतं, याचा थोडा तरी विचार नियमात केलेला आहे. घरच्यांनीही तेवढा करावा. निदान पदवीची तीन वर्षं तरी स्थळाचा विषय बाजूला ठेवता येईल का, एवढंच आधी ठरवा.

धोका नाही का? : आहे. पण नियमही तेवढेच कडक असतात. विषाणू किती घातक, त्याप्रमाणे प्रयोगशाळेच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. चौथ्या पातळीत सगळ्यांत घातक विषाणू असतात. तिथे अंगभर हवाबंद पोशाख घालून आणि श्वासाला वेगळी हवा घेऊन काम करतात. शिकाऊ मुलीला कोणी थेट तिथे उभं करत नाही. आपण विनामास्क, विनाहातमोजे कीटकनाशक फवारतो, त्यापेक्षा या मुली जास्त सांभाळून काम करतात, असं मला तरी वाटतं.

नोकरीची खात्री आहे का? : नाही. कायमच्या सरकारी जागा कमी निघतात. बरीच कामं प्रकल्पावरची, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की दुसरं शोधावं लागतं. नेट परीक्षा अवघड आहे, पहिल्या वेळी निघेलच असं नाही. हे मुलीला आणि घरच्यांना आधीच माहीत असावं. म्हणजे पुढे "आम्हाला कोणी सांगितलं नाही" असं व्हायला नको.

८. एक माझी गोष्ट

मी पण अकरावीला सायन्स घेतलं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावीत पुस्तकं एकदम इंग्रजीत. पहिल्या घटक चाचणीत पंचवीसपैकी नऊ मिळाले. वर्गावर एक सर म्हणाले, "खेड्यातल्या मुलींना हे झेपत नाही." मी घरी येऊन रडले आणि आठवड्यात कला शाखेला नाव घातलं. त्यावर घरात कोणी काही म्हटलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं की सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळ्याच मराठी माध्यमाच्या मुलांना जड जातात आणि मग सवय होते. पुढे मी समाजकार्यात आले, त्याचं मला दुःख नाही, तुमच्यासोबतचं काम मला आवडतं. पण तेव्हा कोणीतरी "सहा महिने थांब" म्हणायला हवं होतं, असं अजून वाटतं. तुमच्या मुलीला पहिल्या चाचणीत कमी मार्क पडले तर तेवढं वाक्य तिला जरूर बोला.

९. मग त्या बैठकीत काय ठरलं?

पुढच्या बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं. ताईने मुलीलाही सोबत आणलं होतं. मुलगी आधी लाजली, मग बोलली. लम्पीत त्यांची गाय गेली होती. तेव्हा नमुना घ्यायला पशुधन विकास अधिकारी मॅडम आल्या होत्या. "हा नमुना कुठे जातो, तिथे काय करतात, हे मी त्यांना विचारलं. तेव्हापासून डोक्यात आहे," असं ती म्हणाली.

सगळं बिनविरोध झालं असं नाही. एक सदस्य म्हणाली, "तीन वर्षांनी पोरगी म्हणाली नाही जमत, तर?" त्यावर ताईच बोलली, "माझ्या शेळ्यांच्या कर्जाच्या वेळी पण तुम्ही हेच म्हणाला होता. दोन शेळ्या मेल्या, तरी मी हप्ता चुकवला नाही." त्यावर कोणी काही बोललं नाही.

शेवटी ठराव झाला. तीस हजार शिक्षणासाठी मंजूर, वीस हप्ते. कर्जाच्या वहीत कारण म्हणून 'मुलीचं बी.एस्सी. प्रथम वर्ष, प्रवेश व वसतिगृह' असं लिहिलं. मुलीने दर सहा महिन्यांनी निकाल गटाला येऊन दाखवायचा, असं ठरलं. दिरांना काय सांगायचं, ते ताईने स्वतःच ठरवलं : "आधी बी.एस्सी. होऊ दे, तीन वर्षांनी बोलू." दीर अजून नाराज आहेत. ती मुलगी विषाणूशास्त्रज्ञ होईल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण निर्णय माहिती घेऊन झाला, आणि तो मुलीला समोर बसवून झाला, हे मला महत्त्वाचं वाटलं. निघताना विंचवा-सापाच्या विषाबद्दल विचारणारी मावशी मुलीला म्हणाली, "ते हळद्यावर औषध काढ बाई आधी."

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. मागच्या तीन वर्षांत आपल्या गटाने लग्नासाठी किती कर्ज दिलं आणि मुलींच्या शिक्षणासाठी किती? कर्जाची वही काढून बेरीज करा.
२. आपल्या गटातल्या किती जणींच्या मुली आठवी ते बारावीत आहेत? त्यांना काय व्हायचं आहे, हे आपण कधी विचारलं आहे का?
३. सर्दी-तापाला आपण डॉक्टरांना न विचारता कोणत्या गोळ्या आणतो?
४. शिक्षणाच्या कर्जाला व्याज कमी किंवा हप्ते जास्त ठेवता येतील का? ग्रामसंघात हा विषय मांडायचा का?

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

प्रत्येक गटाने दहावी-बारावीतल्या मुलींची यादी करावी आणि कोणाचे कोणते दाखले काढायचे राहिलेत ते त्यापुढे लिहावं. यादी सीआरपी ताईंकडे द्यावी. ज्या मुलींना विज्ञान शाखेची माहिती हवी आहे, त्यांना ग्रामसंघाच्या बैठकीच्या दिवशी सोबत आणा. मी असेनच. ज्याचं उत्तर येत नसेल ते या वेळी "डॉक्टरसारखंच असतं" म्हणून टाळणार नाही, शोधून आणून देईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक